प्रेमाचं वजन किती भरलं?

जालना जिल्ह्यातलं सगळ्यांत गाजलेलं लग्न लागलंच नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 साली जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा राहिला, भटजींचं ‘सावधान’ ऐकताच खरोखर सावध झाला आणि मंडपातून निसटला. पुढे तोच समर्थ रामदास झाला, अशी परंपरा आहे. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायची पद्धत नाही. कादंबरी खरं तर तिची झाली असती.

त्याच जिल्ह्यात दुपारी भांडी उरकून, पंख्याखाली उशी ओढून ज्या बायका प्रेमकथा उघडतात, त्या अडीचशे पानं वाट पाहतात ती नेमकी त्याच शब्दाची. अंतरपाट धरलेला असावा आणि नायक जागेवर असावा, एवढंच त्यांचं मागणं. या वाचकवर्गात सध्या दोन तट पडले आहेत. एक कागदवाल्यांचा, दुसरा काचवाल्यांचा, म्हणजे स्क्रीनवर वाचणाऱ्यांचा.

पुण्यात हा वाद नव्या पुस्तकाच्या वासावरून होतो. जालन्यात वासाला भाव नाही, वजनाला आहे. इथे सळई टनावर जाते, मोसंबी टनावर जाते आणि कपाशीचं बियाणं 475 ग्रॅमच्या पाकिटात येतं. देशोदेशीचं भंगार औद्योगिक वसाहतीत येतं, भट्टीत वितळतं आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतं. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्या गावानं प्रेम तेवढं न तोलता घ्यावं, हे व्यवहाराला धरून नाही. तेव्हा काटा काढावा.

किंडल पेपरव्हाइट या ई-रीडरचं 2021चं मॉडेल 205 ग्रॅम भरतं. म्हणजे कपाशीच्या एका पाकिटात दोन किंडल बसतात आणि वर 65 ग्रॅम सरकी उरते. याउलट वाचनालयातली कादंबरी दोनदा बाइंडरकडे जाऊन आलेली असते. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, खळीचे थर, शिक्क्यांची शाई आणि वर दोन पिढ्यांच्या हळदीचा हात. काट्यावर ती किंडलला उचलून टाकते. हातात धरायला हलकं, म्हणून पहिली फेरी काचवाल्यांनी जिंकली असं म्हणायला हरकत नव्हती. अडचण एकच. जालन्यातल्या साध्या दुकानात किंडल मागितलं तर दुकानदार ‘मोठी देऊ का लहान?’ असं विचारून मेणबत्तीचं पाकीट काढील. आणि वीज गेलेली असेल तर त्याचंच बरोबर ठरेल.

अॅमेझॉननं किंडल 2007 साली अमेरिकेत आणलं, मराठी पुस्तकांचं दालन त्यावर उघडलं ते 2016च्या डिसेंबरात. तोवर मराठी वाचकाच्या हातात मोबाइल येऊन बसला होता. म्हणून इथे ई-रीडर म्हणजे मोबाइलच. त्यावर रिकामपणी वाचायचं, मुलाचा गृहपाठ उतरवायचा आणि दुधाचा हिशेबही ठेवायचा.

पण खरा वाद वजनाचा नाहीच. तो मुखपृष्ठाचा आहे.

कागदाच्या काळात त्यावर एक रामबाण उपाय होता. सरलेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान काढायचं आणि पुस्तकाला कव्हर घालायचं. मग बाहेर संकष्टीचा चंद्रोदय 9 वाजून अमुक मिनिटांनी आणि आत नायिकेच्या गालावरचा चंद्रोदय अमुक पानावर. सासूबाईंना चतुर्थी दिसे, सुनेला नायक. आता या बंदोबस्ताची गरज काय, असं काचवाले विचारतात. त्यांच्या बाजूनं साक्ष परदेशातूनही आहे. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ 2011 साली एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रकाशनानं काढली, ती आधी पसरली ई-बुकमधून. शेजारच्या सीटवरच्या माणसाला मुखपृष्ठ दिसत नाही, हाच तिचा मोठा गुण ठरला.

शेजारच्या सीटवर परका असतो तिथपर्यंत हे ठीक आहे. जालन्यात शेजारी सहसा दीर असतो.

समजा, मोसंबीचा व्यवहार चालू आहे. दिरानं सातबाऱ्याचा फोटो दाखवायला वहिनीचा मोबाइल घेतला आहे, कारण त्याच्या मोबाइलचं चार्जिंग संपलं. व्यापारी वाकून गट नंबर वाचतोय. एवढ्यात वरून एक पट्टी घसरत येते. उघड्या शर्टाचा उद्योगपती, बाजूला भेदरलेली नायिका आणि खाली सूचना : भाग 84 प्रकाशित झाला आहे. सातबाऱ्यावर बोजा नाही याची व्यापाऱ्याला खात्री पटते, वहिनीच्या डोक्यावर मात्र चढतो. कॅलेंडरच्या पानानं असा दगा कधी दिला नव्हता.

झाकून वाचण्याचा हा कायदा सरकारनं केलेला नाही, तरी एकदा प्रकरण कोर्टात गेलं होतं. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या 1962च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. 1969 साली न्यायमूर्तींनी निकाल दिला, कथा अश्लील नाही. त्याच वर्षी काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’वरून बेतलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा लागला आणि तो सासवासुनांनी शेजारी बसून पाहिला. लेखक निर्दोष सुटला, वाचक अजून जामिनावर आहे.

त्याआधी ना. सी. फडके होते. त्यांची ‘दौलत’ ही कादंबरी 1929ची. त्या वेळी जालना निजामाच्या राज्यात, कचेरीची भाषा उर्दू आणि फडक्यांचे नायक टेनिस खेळणारे. रॅकेट न पाहिलेल्या गावांनीही त्या नायकांवर जीव टाकला. मग सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, बाबा कदम. वाचनालयाच्या कपाटात ही मंडळी खांद्याला खांदा लावून उभी असत, आणि कुठल्या पुस्तकाला किती मागणी हे सांगायला समीक्षक लागत नसे. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहिली की पुरे. ‘नेलेली’ आणि ‘आणलेली’ यांत दोनच दिवसांचं अंतर असेल तर कादंबरी उत्तम. समासात पेन्सिलीनं ‘हरामखोर’ लिहिलेलं असेल तर खलनायक जमला.

काचेवर समास नाही. पण प्रतिसादाची जागा आहे आणि लेखिका त्याला उत्तरही देते. हे कागदाला कधी जमलं नाही, एवढं कागदवाल्यांनी मान्य करावं. 2014 साली बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत लिहिणाऱ्या बायका सकाळचा डबा भरून मग भाग टाकतात. त्यांच्या नायकाला टेनिस येत नाही, त्याच्याकडे कंपनी असते. फडक्यांची नायिका कॉलेजच्या संमेलनात प्रेमात पडे, ही आधी लग्न करते, करारावर, आणि मग शंभर भाग प्रेमात पडत राहते. भाग संपतो तो दार वाजल्यावर. दारात कोण आहे हे आत्ता हवं असेल तर नाणी मोजा, नाहीतर थांबा. या ‘थांबा’चा पुण्यात कुणाला त्रास होत असेल तर होवो. जिथे नळ आठ-दहा दिवसांनी येतात, त्या गावाला उद्याच्या भागाची वाट पाहणं म्हणजे चैन वाटते.

सरकार मात्र या प्रकरणात कागदवाल्यांच्या बाजूनं आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. 2018 साली ई-बुकवरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला, पण ज्या ई-बुकाची छापील आवृत्ती आहे त्यालाच. थोडक्यात, ई-बुकानं आधी कूळ सांगावं. आईबाप कागदाचे निघाले तर 5, परस्पर काचेवरच जन्माला आलं असेल तर 18. स्थळं पाहणाऱ्या आत्यांनाही इतका चोख नियम सुचला नसता.

शिवाय काचेवरचं पुस्तक आपलं की माहेरचं, हा प्रश्न राहतोच. 2009च्या जुलैत अॅमेझॉननं लोकांच्या किंडलवरून ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी रातोरात परत नेली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत दिले, पण अर्धं वाचलेलं पुस्तक गेलं ते गेलंच. उद्या नायक-नायिका मंडपात उभे असताना अंतरपाटासकट लग्नच गायब व्हायचं. जांबच्या जिल्ह्याला हे नवीन नाही म्हणा.

कागदवाल्यांनी फार हुरळू नये, कारण प्रेम मुळात त्यांचंही नव्हतं. जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरी, पलीकडे-अलीकडे पैठणचा सातवाहनी मुलूख. हाल राजाच्या नावावरची गाथासप्तशती, माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे प्रेमाच्या गाथा, याच गोदाकाठच्या. भोकरदन म्हणजे त्या काळचं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात हस्तिदंताची एक नटलेली बाई सापडली, आणि तशीच एक थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून निघालेली. हिची मैत्रीण दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेली तेव्हा गावात ना कागद होता, ना मोबाइलची काच. गाथा तोंडातोंडी फिरल्या, मग कुणीतरी गोळा केल्या.

त्यामुळे जुन्या जालन्यातल्या एका घरी उन्हाळी दुपारी घडू शकतं ते असं. वाचनालयातून आणलेली कादंबरी, पान 246. नायक स्टेशनवर, गाडी हललेली. पुढची चार पानं नाहीत. कुणीतरी फाडून नेली आहेत, तीही नीट, पट्टी लावून. मोबाइलवर शोधावं तर लेखिका कधीच वारलेली, पुस्तकाचं ई-बुक कुणी केलेलं नाही. शेवटी कुंडलिका नदीच्या पलीकडे नव्या जालन्यात राहणाऱ्या थोरल्या जावेला फोन लागतो. तिनं ती कादंबरी लग्नाआधी वाचलेली.

‘‘स्टेशनवर ना? मंग तो उतरतो की गाडीतून.’’

‘‘अहो ताई, तो खालीच उभाय. गाडीत ती आहे.’’

‘‘ती नाही गं, तिची बहीण. बहिणीला टीबी झालेला असतो.’’

‘‘यात बहीणच नाही.’’

‘‘मंग ती दुसरी असंल. थांब, सांगते.’’ आणि ती सांगायला लागते. अर्धी या कादंबरीची गोष्ट, पाव दुसरीची, उरलेली पाव तिची स्वतःची असावी, कारण त्यात परतूरचं स्टेशन येतं आणि परतूर या कादंबरीत कुठेच नाही. धाकटी ऐकत राहते. काटा, कागद, काच सगळं बाजूला.

‘‘पण ताई, लग्न लागतं ना?’’

‘‘लागतं तर. अंतरपाट धरतात, भटजी म्हणतो...’’ पलीकडे बादल्यांचा खणखणाट होतो. ‘‘अगं बाई, नळ आले! ठेव, ठेव फोन.’’