वाढप

हॉटेलात लोक बिल भरतात. आमचे भोरचे मामा ते वाचतात.

पुण्यातल्या एका थंडगार हॉटेलात जेवणानंतर काळं पाकीट आलं, तसं मामांनी बडीशेप बाजूला सारून चष्मा पुसला. जेवण बाराशेचं. खाली सेवा शुल्क दहा टक्के, एकशेवीस. आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी.

“म्हणजे यानं पाण्याचा ग्लास ठेवला, त्याचे सरकारला सहा रुपये?”

हिशोब तोंडी. मामा भोरच्या बाजारात काकडी घेतानाही इतकी घाई करत नाहीत.

मॅनेजर आला. मामांनी 4 जुलै 2022 पासून सुरुवात केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय, हे शुल्क बिलात आपोआप घालायचं नाही. ते ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगितीही आणली. पण 28 मार्च 2025 रोजी न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या आणि दोन संघटनांना एकेक लाखाचा भुर्दंड बसवला.

“सर, आम्ही दारावर बोर्ड लावलाय.”

“कुत्र्यापासून सावध, असाही बोर्ड असतो. म्हणून चावायची परवानगी मिळते का?”

“मग आपण त्याला स्टाफ कल्याण निधी म्हणू.”

दुसऱ्या नावानंही घेता येत नाही, हे मामांना पाठ होतं. “आमच्या शेजारच्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. तिथल्या तोरणा किल्ल्याचा चढ कमी झाला का?”

मॅनेजर तोरण्यावर गेलेला नसावा. मामांनी फोनवर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दाबायला घेतला, तेव्हा शुल्क उतरलं. मग मामांनी वाढप्याच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. मॅनेजरकडे बघत. ऐच्छिक कशाला म्हणतात ते त्याला दिसावं म्हणून.

पुढच्या रविवारी आम्ही राजगड उतरून गुंजवण्यात एका घरी जेवायला बसलो. पिठलं, ठेचा, भाकरी. आम्ही ताटावर हात आडवा धरला तर मावशींनी हाताच्या खालून तिसरी भाकरी सरकवली. पुण्यात बिल वाढतं, इथं माणसं वाढतात. शेवटी मावशींनी बोटांवर मोजून आकडा सांगितला. कागद नाही, पाकीट नाही. मामा जरा बेचैन झाले. वाचायला काहीच नव्हतं.

“मावशी, यात सेवा किती धरली?”

“शेव न्हाय वो आज,” मावशी ओशाळल्या. “शेंगदाण्याची चटणी हाय. वाढू का?”