काजूत ताप, बदामात पोट

अण्णा रेशनिंग खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ‘माणशी किती’ हे ठरवायची सवय काही गेली नाही. साखर हातातून गेली, रॉकेल गेलं, मग गोळ्या आल्या. परळला चाळ पाडून उभ्या केलेल्या आमच्या इमारतीत कुणी शिंकलं, की लिफ्टच्या आधी अण्णा पोचतात. ‘कधीपासून?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर ऐकायला ते थांबतातच असं नाही. तुमच्याही इमारतीत असा एक अण्णा असणार, नाव फार तर नाना किंवा दादा असेल.

त्यांचा दवाखाना म्हणजे दिवाळीत कुणीतरी दिलेला सुक्या मेव्याचा खोका. मेवा संपला, कप्पे राहिले आणि कप्प्यांची नावंही राहिली. काजूत तापाच्या गोळ्या, बदामात पोटाच्या, मनुकांत सर्दी-खोकला आणि पिस्त्यांत ‘इतर’. ‘अगं, काजूतली एक आण,’ म्हटलं की काकू बरोबर गोळी आणतात. बहुतेक वेळा बरोबर. कारण अण्णा पाकिटं कात्रीने एकेका गोळीपुरती कापून ठेवतात. त्यात औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर नुसती चकाकी उरते. अर्धी गोळी लागली तर अडकित्ता. डॉक्टरांनी सुपारी बंद केली, पण अडकित्त्याला काम मिळालं.

माणसांपुरतं हे चाललं असतं. माणूस निदान ‘घेतली, घेतली’ म्हणत गोळी तुळशीच्या कुंडीत टाकू शकतो. पण मधल्या काळात इमारतीत कुत्री-मांजरं वाढली आणि अण्णांचं कार्यक्षेत्रही. रेशनकार्डावर जनावरांची नावं नसतात, तरी त्यांनी त्यांनाही युनिटं लावली. लॅब्राडोर म्हणजे अर्धा माणूस, पामेरियन म्हणजे पाव आणि मांजर म्हणजे ‘पावात काय ते भागवा’.

खरं तर आमच्याकडून बैलघोडा हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. अण्णांचं सगळं आयुष्य त्याच रस्त्यावरून जाण्यात गेलं. पण कुणी तिकडे न्या म्हटलं की ते दुखावतात. ‘ब्रूनो काय बैल आहे?’

हा ब्रूनो सातव्या मजल्यावरचा लॅब्राडोर. वजन तीस किलो, स्वभाव सर्वभक्षी. एके दिवशी त्याने सकाळचं खाणं हुंगून सोडून दिलं आणि घरात सुतक आलं. अण्णांनी येऊन नाकाला हात लावला. नाक कोरडं. आता कुत्र्याचं नाक झोपेतून उठल्यावर, उन्हात बसल्यावर, पंख्याखाली पडल्यावरही कोरडं होतं; पण अण्णांनी मान हलवली आणि घरून थर्मामीटर मागवला. तो कुठे लावायचा हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तो तिथेच लावला, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्या दिवसापासून काकूंनी स्वतःसाठी वेगळा थर्मामीटर आणला.

‘एकशे एक पॉइंट सहा!’ अण्णांनी आकडा वाचला आणि घरातली धाकटी मुलगी रडायला लागली. कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपला ९८.६ चा हिशोब लावला तर जगातलं प्रत्येक धडधाकट कुत्रं तापाने फणफणलेलं निघेल. पण काजूचा कप्पा उघडला होता. पाचशेच्या क्रोसिनची अर्धी गोळी पेढ्यात दडवून ब्रूनोला दिली. पेढा आवडल्याचं त्याने शेपटीने कळवलं. संध्याकाळी तो जेवला, कारण आदल्या रात्री बारशाच्या जेवणात पोरांनी टाकलेल्या पुऱ्या एव्हाना जिरल्या होत्या. तीस किलोच्या देहाला अडीचशे मिलिग्रॅम पॅरासिटामॉलने काही झालं नाही, हे ब्रूनोचं नशीब. अण्णांनी मात्र ते स्वतःच्या खात्यावर जमा केलं. पुढचा सगळा आत्मविश्वास त्या एका पेढ्यातून आला.

तळमजल्यावरच्या मावशींची मांजर लंगडायला लागली तेव्हा अण्णांना विचारही करावा लागला नाही. डोलो साडेसहाशे, अडकित्त्याने दोनदा कातरलेली. ‘पाव गोळी. लहान पोरालासुद्धा यापेक्षा जास्त देतात, मावशी.’

मावशींनी ती दह्यातून दिली. मांजर चार किलोची, पाव गोळी एकशे साठ मिलिग्रॅमची. साठ किलोच्या माणसाने याच प्रमाणात घ्यायची म्हटली तर साडेसहाशेच्या जवळजवळ चार गोळ्या एका दमात गिळाव्या लागतील. आणि हा हिशोबही मांजराला उपकारक म्हणून केलेला, कारण मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. आपलं यकृत पॅरासिटामॉलचा मोठा भाग एका ठरावीक रसायनाला जोडून बाहेर काढून टाकतं. हे जोडकाम करणारं वितंचक मांजराकडे नसल्यातच जमा असतं. मग औषध दुसऱ्या वाटेने वळतं, त्यातून विषारी पदार्थ तयार होतात आणि ते आधी रक्तावरच चाल करतात. तांबड्या पेशी असतात, पण त्यांना प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन त्या निळसर, तपकिरी दिसायला लागतात. तोंड आणि पंजे सुजतात. मांजर कोपऱ्यात बसून धापा टाकतं. पाचशेची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे, अर्धीही पुरू शकते.

काही तासांतच मावशींनी मांजराचं सुजलेलं तोंड पाहिलं आणि अण्णांना न विचारता टॅक्सी केली. हा त्या आठवड्यातला इमारतीतला सर्वांत शहाणा वैद्यकीय निर्णय. मांजर वाचली. तिला अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं औषध दिलं गेलं. माणसाने पॅरासिटामॉल जास्त घेतलं तर त्यालाही हेच देतात. मावशींनी हे अण्णांच्या कानावर घालण्याची चूक केली.

‘म्हणजे शेवटी माणसाचंच औषध दिलं ना?’ अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अपील जिंकल्याचं समाधान होतं.

आणि पंचाईत अशी, की या वाक्यात तथ्य आहे. पशुवैद्य माणसांची औषधं लिहून देतात. तीच कंपनी, तेच पाकीट, तोच कोपऱ्यावरचा केमिस्ट. खाज सुटली की सेटिरिझीन, पोट बिघडलं की पित्ताची गोळी, हे चिठ्ठीवर पाहिलेले लोक विचारतात, की मग डॉक्टरला फी कसली द्यायची? फी असते ती वजन करण्याची, मूत्रपिंडं-यकृत कसं आहे ते बघण्याची, किती तासांनी हे सांगण्याची आणि मुख्य म्हणजे ‘हे नको’ म्हणण्याची. अण्णांनी ब्रूनोची जुनी चिठ्ठी जपून ठेवली होती. पुढच्या वेळी खाज आली तेव्हा त्यांनी मनुकांतून सेटिरिझीनच काढलं. फक्त ते सर्दीच्या गोळीतलं होतं, सोबत पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिनही होतं. अशा औषधाने कुत्र्याच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वेळेत कुणीतरी पाकिटाचा तुकडा वाचला. नाव असलेला तुकडा होता, म्हणून.

अण्णांचा सगळ्यात हळवा कप्पा पिस्त्यांचा. त्यात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याच्या गोळ्या. ब्रूनो म्हातारा झाला, जिना चढताना थांबायला लागला, तेव्हा दोघं एकमेकांकडे ज्या समजुतीने बघायचे ते पाहून कुणाचंही मन द्रवलं असतं. ‘माझा गुडघा आणि याचा गुडघा एकाच वयाचे,’ म्हणत अण्णा त्याला रोज एक कॉम्बिफ्लाम देऊ लागले. त्यात आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५. पशुवैद्याने ब्रूनोला त्याच्या मापाची मेलॉक्सिकॅम आधीच दिली होती, हे सातव्या मजल्याने सांगितलं नाही, अण्णांनी विचारलं नाही. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना सोसत नाही, आणि दुखण्यावरची दोन औषधं एकमेकांवर चढली की आतडं सोलवटतं. काही दिवसांनी शी डांबरासारखी काळी झाली. म्हणजे आत रक्त. अण्णांचं निदान : ‘उष्णता.’

वेदनाशामक एका प्राण्याला सोसलं म्हणून दुसऱ्याला सोसेलच असं नाही, हे मुंबईला तरी सांगायला नको. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मलबार हिलच्या पारशी दोखम्यांवरचं आकाश रिकामं झालं. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी ते बंद केलं. हे अण्णांना सांगून पाहिलं. ‘गिधाडांना गोळ्या द्यायला कोण गेलं होतं?’ असं त्यांनी विचारलं आणि विषय संपवला.

काकूंचाही या संप्रदायात वाटा आहे. त्यांचा भर बाह्योपचारांवर. मलम चाटायचं नसतं हे कुत्र्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे पाठीला लावलेला बाम पोटात जातो. जखम डेटॉलने धुतलेलं मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं आणि त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्यं त्याला बाधतात. अण्णांना मधुमेह, म्हणून घरात बिनसाखरेची च्युइंगगम. अशा कित्येक गमांत झायलिटॉल असतं; आपल्याला ते गोड लागतं, कुत्र्याच्या शरीरात मात्र इन्सुलिन उसळून रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. गोळ्यांच्या खोक्यापेक्षा गमचं पाकीट खालच्या फळीवर होतं, ब्रूनोच्या नाकाच्या उंचीवर.

एवढं सगळं लिहिल्यावर अण्णांविषयी एक गोष्ट कबूल करायला हवी. रात्री दोनला दार वाजवलं तर उघडणारा इमारतीतला तो एकच माणूस आहे. पावसात भिजलेलं पिल्लू खोक्यात कापूस घालून कुणी ठेवलं होतं? अण्णांनी. त्या रात्री शेजारपाजारच्या दवाखान्यांच्या कड्या बंद होत्या आणि एखादा उघडा सापडला असता, तरी त्याच्या फीचा आकडा ऐकून मावशींसारख्या पेन्शनर बाईने आधी अण्णांकडेच बघितलं असतं. अण्णा कुणाकडून काही घेत नाहीत, मागत नाहीत, आभारही नको असतात. फक्त ‘गुण आला’ म्हणावं, एवढीच अपेक्षा. असल्या माणसाला आवरणं फार कठीण.

तेव्हा अण्णांना सुधारायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या कुत्र्या-मांजराच्या पोटात त्यांची गोळी गेलीच, तर भांडण दुसऱ्या दिवसावर ढकला. लक्षणं दिसायची वाट बघू नका. उलटी काढायला मिठाचं पाणी तर मुळीच पाजू नका, त्याचंच विष होतं. कापलेला पाकिटाचा तुकडा शोधा, नाव सापडत नसेल तर अख्खा खोका काखोटीला मारा आणि जनावराला घेऊन निघा. पोचल्यावर डॉक्टर चार गोष्टी विचारतील : कोणती गोळी, किती, किती वाजता आणि जनावराचं वजन. शेवटची तेवढी आजच करून ठेवा. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं.