साठ वर्षांचे मालक

उरणजवळच्या करंज्याहून पनवेलकडे निघालात की द्रोणागिरी, उलवे लागतात. दुतर्फा टॉवर आणि टॉवरांवर ‘स्वप्नातलं हक्काचं घर’ असे फलक. हक्क सिडकोचा, स्वप्न आपले. वाटणी चोख आहे.

जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. मुदत मोजायची ती भूखंडाच्या करारापासून, तुमच्या गृहप्रवेशापासून नव्हे. म्हणजे जुन्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याला आयती सरलेली वर्षेही मिळतात, आणि त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत! विकायला निघालात तर सिडकोचा ना हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क. ज्याने घर बांधले नाही, रंगवले नाही, कधी त्याची गळती काढली नाही, त्याची हरकत नाही हे कळायला शुल्क लागणारच. गृहकर्जाचे हप्ते मात्र बिनशर्त तुमच्या मालकीचे.

ही पद्धत लग्नालाही लावावी. वधूवरांना साठ वर्षांचा पट्टा, मुदतवाढ मूळ मालकाच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मर्जीवर. माहेरी जायचे तर ना हरकत दाखला.

काही कुरकुरणारे म्हणतात, हे फ्लॅटवाल्यांवर अन्याय करणारे आहे. त्यांनी शेजारच्या गावात जाऊन चौकशी करावी. १९७० नंतर इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची पिढीजात जमीन नव्या शहरासाठी संपादित झाली. १९८४ साली मोबदल्यासाठी झालेल्या उरणच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, तेव्हा कुठे पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आजोबांच्या शेताच्या बदल्यात एक तुकडा नातवाला मिळाला, तोही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर.