अंगठा लागत नाही

सकाळचे आठ. पुण्याबाहेरच्या एका साइटवर गेटपाशी हजेरीची रांग. पन्नाशीचा एक बिगारी यंत्रावर अंगठा ठेवतो. लाल दिवा. पँटला पुसून पुन्हा ठेवतो. पुन्हा लाल. मग डावा अंगठा, मग तर्जनी. मागून आवाज येतो, ‘‘मामा, आटपा की!’’ सिमेंट कातडी खातं. वीस वर्षं माल कालवून, घमेली उचलून त्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. ‘‘संध्याकाळी बघू,’’ म्हणून मुकादम त्याला आत सोडतो.

आता दिवसभर हा माणूस काय घेऊन परांचीवर चढणार? खाडा धरला तर उचल कशी फिटायची, गावी किती धाडायचे, हाच घोर. पाय घसरायला एवढं पुरतं.

यंत्रं येऊ नयेत, असं मी म्हणत नाही. क्रेन आल्यापासून किती पाठी वाचल्या! पण ओळंबा लावून भिंत उभी करणारे माझ्या ओळखीचे एक गवंडी आता ॲल्युमिनियमच्या शटरिंगचे पत्रे जोडतात. भिंत नि स्लॅब एकदमच ओततात, वीटकाम उरलंच नाही. ‘‘रोज तेवढाच मिळतो,’’ ते म्हणाले, ‘‘पण ही भिंत मी बांधली, असं पोराला दाखवायला काही राहिलं नाही. झोप लागत नाही.’’

असे घोर कुठवर नेऊ शकतात? २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतले ४२,००४ रोजंदारीवरचे होते, शेतमजूर सोडून बाकी सगळ्या कामांचे मिळून. म्हणजे दर चौथा माणूस. तरी साइटवरच्या सुरक्षेच्या तासाला हेल्मेट आणि पट्ट्यापलीकडे विषय जात नाही.

बांधकामाच्या खर्चावर मजुरांसाठी उपकर घेतला जातो. त्यातून लेबर कॅम्पवर आठवड्याला एक समुपदेशक पाठवा, मजुराची भाषा येणारा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर गेटवर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि यंत्राशेजारी हजेरीची वही ठेवाच. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करायलाही वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बुडालेली हजेरी तिथेही आडवी येऊ शकते.

त्या संध्याकाळी मुकादमाने एका कागदावर मामांचं नाव लिहिलं. मामांनी त्यावर बोट ठेवून ते दोनदा वाचून घेतलं, मगच हात धुवायला गेले.