लोखंडी वाटेवरचा नवखा

व्हिया फेराटा म्हणजे गिर्यारोहण आणि जिना यांच्यात झालेली युरोपीय तडजोड. कड्याला पोलादी तारदोर ठोकलेला असतो, पाय ठेवायला लोखंडी कड्या असतात आणि कमरेच्या हार्नेसपासून निघणाऱ्या दोन पट्ट्यांचे कॅराबिनर त्या तारेत अडकवत पुढे सरकायचे असते. ऑस्ट्रियात डाखश्टाइन पर्वतावर अशी सोय 1843 मध्येच झाली होती. पुढे पहिल्या महायुद्धात इटालियन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांनी डोलोमाइटच्या कड्यांवर शिड्या आणि तारा लावून मोर्चे धरले. ज्या वाटांवर त्यांना हुकमावरून जावे लागे, तिथे आता माणसे रजा टाकून, पैसे भरून जातात. सह्याद्रीत भटकणाऱ्याला यात फार नवल वाटू नये. खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर गाठलेल्याची लोखंडी शिडीशी ओळख असतेच. फक्त तिथे हार्नेस नसतो आणि माकडे असतात.

स्वित्झर्लंडमधली म्यूरेन ते गिमेलवाल्ड ही वाट नवख्याला विशेष फसवते, कारण ती मुख्यतः उतरते. अंतर 2.2 किलोमीटर, उतार सुमारे 300 मीटर, वेळ तीनेक तास. कागदावर हा प्रकार शतपावलीत बसतो. साहित्य गावातच भाड्याने मिळते. पट्ट्यांच्या बुडाशी घडी घालून शिवलेला एक पट्टा असतो. माणूस पडला की त्याचे टाके उसवत जातात आणि धक्का सौम्य होतो. ही करामत 40 ते 120 किलो वजनाच्या माणसासाठी बेतलेली असल्याने वजन विचारले जाते. नवखा या मर्यादेत आरामात बसत असतो, तरी पाच किलो वजा करूनच सांगतो.

तार ठरावीक अंतरावर बोल्टने कड्यात पक्की केलेली असते. तिथे एक कॅराबिनर काढून बोल्टपलीकडे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकाच वेळी कधीही काढायचे नाहीत. नवखा हे पाठ करतो आणि पहिल्याच बोल्टपाशी आपण कोणता काढला होता ते विसरतो.

सुरुवात तशी मवाळ असते. कुरण, झाडी, फोटो. मग वाट एक कोपरा वळते आणि जमीन संपते. पायाखाली फक्त कड्या उरतात आणि कड्यांखाली लाउटरब्रुनेनची दरी, काही शे मीटर खोल. मराठी ट्रेकर ज्याला दृष्टिभय म्हणतात, ते इथे मोकळेपणाने भेटते.

एवढे साहित्य अंगावर असताना पडायला काय हरकत, असे वाटणे साहजिक आहे. पण हरकत मोठी आहे. उभ्या तारेवर हात सुटलेला माणूस थेट खालच्या बोल्टपर्यंत घसरतो, म्हणजे पट्टीच्या लांबीच्या कितीतरी पट पडतो, आणि मधे लोखंडी कड्या असतात. दोरावरच्या प्रस्तरारोहणात पडणे हा सरावाचा भाग मानतात. इथे ते हिशेबातच धरलेले नाही. या बाबतीत नवख्याची भीती कोणत्याही उपकरणापेक्षा भरवशाची. त्याने कडी अशी कवटाळलेली असते की पडण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो सोडवण्याचा. दोन बोल्टांच्या मधे एकच माणूस असावा, असा शिरस्ता आहे; त्यामुळे मागे रांग तुंबते, आणि रांगेतल्या स्विस आजीबाई अतिशय सभ्यपणे आकाशाकडे पाहत राहतात.

आकाशाकडे पाहण्यात निव्वळ सभ्यता नसते. आल्प्समध्ये उन्हाळी दुपारी ढग भरून येतात, आणि विजा कडकडत असताना पोलादी तारेला स्वतःला अडकवून घेणे शहाणपणाचे नाही. म्हणून सकाळी लवकर निघतात. नवखा मात्र नाश्ता बुडवत नाही.

त्याचे दंड अर्ध्या वाटेतच संपतात, कारण चालायला दिलेले पाय वापरायचे सोडून तो हातांनी लोंबकळत असतो. गाईड ‘पाय, पाय’ म्हणत राहतो. शेवटाकडे 80 मीटरचा झुलता पूल लागतो. तो इतरांच्या पावलांनीही हलतो, हे नवख्याला फार अन्यायाचे वाटते, आणि पलीकडे पोचल्यावर तो स्वतः मागच्यांसाठी जरा जास्तच पाय आपटून उतरतो.

गिमेलवाल्डहून म्यूरेनला केबल कारने परत जायचे. बंद डबा, काचा, बसायला जागा. नवखा उभाच राहतो आणि कॅराबिनर अडकवण्याजोगे काही दिसते का ते छताला शोधतो.