उकंडरावांची थोरवी

देवळी तालुक्यात नावांची जी व्यवस्था लागली आहे, तिच्यात सुधारणेला आता वाव उरलेला नाही. इथे माणसाचं आडनाव तडस असतं, दारातल्या कुत्र्याचं नाव टायगर असतं आणि जिल्ह्यातल्या जंगलातली वाघीण कॅटरिना असते. विजयगोपाल म्हणून हाक मारली तर कुणी पटकेवाले आजोबा 'ओ' देतील असं वाटतं, पण ते गाव आहे. नाचणगावात लोक चालतच जातात. ज्याचं नाव त्याला द्यायचं नाही, एवढा एकच नियम, पण तो आम्ही ग्रामपंचायतीच्या कुठल्याही ठरावापेक्षा निष्ठेने पाळतो.

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगायला हवं, की तुमच्याकडे ज्याला तरस म्हणतात त्याला आमच्याकडे तडस म्हणतात. या देवळीचेच रामदास तडस. तालमीत घुमले, विदर्भ केसरी झाले, नगराध्यक्ष झाले आणि 2014 ते 2024 वर्ध्याचे खासदार राहिले. तडसाने आखाड्याच्या मातीत लोळून केसरी व्हावं, ही सोय प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नाही, देवळीत आहे. विदर्भाची मतदार यादी चाळली तर तिच्यात घोडमारे भेटतात, कुत्तरमारे भेटतात, हत्तीमारे भेटतात, आणि या सगळ्या हिंसाचारात एका कोपऱ्यात गरीब उंदीरवाडे बसलेले असतात. चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे चार वेळा लोकसभेत गेले. त्यांच्या आडनावामुळे एकाही मतदाराच्या पोटात दुखलं नाही. जे लोक शिकल्यावर आडनाव बदलून गावावरून 'कर' लावून घेतात, त्यांची मला कीव येते. घोडा मारलेल्या पूर्वजाची आठवण टाकून द्यायची आणि त्याच्या बदल्यात काय घ्यायचं, तर एसटीचा थांबा.

कुत्र्याचं नाव टायगर का ठेवतात, हे टायगरला भेटल्याशिवाय कळायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरात कापसाची गंजी लागली की तो तिच्यावर चढून झोपतो. मांजर आली की जागा सोडतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिला फटाका वाजला की बाजेखाली सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भाकरीलाही बाहेर येत नाही. तरी घरधनी पाहुण्याला फाटकातच सांगतो, "थांबा भाऊ, टायगर मोकळा हाय." पाहुणाही थांबतो. जे काम कुत्र्याच्याने होत नाही ते नावाकडून करून घेता येतं, आणि नावाला भाकर लागत नाही.

खऱ्या वाघांना मात्र आम्ही नटनट्यांच्या रांगेत बसवलं. क्षेत्रफळाने देशात सर्वांत लहान म्हणून ज्याची ख्याती, तो बोर व्याघ्रप्रकल्प आमच्याच वर्धा जिल्ह्यात आहे. तिथल्या वनखात्याच्या कागदावरची बीटीआर-3 म्हणजेच लोकांची कॅटरिना. बाजीराव नावाचा वाघही इथलाच. थोरल्या बाजीरावांना रणांगणावर कुणी अडवू शकलं नव्हतं, यांना डिसेंबर 2017 मध्ये अमरावती महामार्गावर एका वाहनाने अडवलं. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय 'शोले'तला. एप्रिल 2016 नंतर तो दिसेनासा झाला, तेव्हा सगळा विदर्भ हळहळला. आकड्याचा वाघ हरवला असता तर फाइल हरवली असती, माणूस हळहळला नसता.

नावाची ताकद बघायची तर देवळीहून वर्धा नदी ओलांडावी. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात एक वाघीण होती. ज्यांच्या घरातलं माणूस शेतातून परत आलं नाही, त्यांच्यासाठी ती नुसती वाघीण, खात्यासाठी टी-1, आणि जे त्या शेतांपासून सुरक्षित अंतरावर राहत होते त्यांच्यासाठी अवनी. 2 नोव्हेंबर 2018 ला तिला गोळी घातली, तेव्हा मेणबत्त्या अवनीसाठी पेटल्या. ज्या माणसांचे बळी गेले त्यांचीही नावं होतीच, पण ती साधी होती. आईबापांनी दूरदृष्टीने काहीतरी चमकदार ठेवायला हवं होतं.

आता जुन्या लोकांचं शहाणपण. मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, कचरू किंवा भिकू ठेवायचं. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात, म्हणून उकंडराव. हिशेब सरळ आहे: यमदूत यादी घेऊन येतो, उकंड्याचं नाव वाचतो, नाक मुरडतो आणि पुढच्या घरी जातो. हा यमदूत शहरातल्या चांगल्या वस्तीतला असणार, हे आमच्या पूर्वजांनी बरोबर ओळखलं होतं. त्या काळी ना दवाखाना जवळ, ना डॉक्टर. नाव तेवढं हाताशी होतं, आणि त्याला खर्च नव्हता. लस टोचायला लोक पुढे कितीतरी वर्षं घाबरले; उकंडा म्हणून घ्यायला कुणी घाबरल्याचं ऐकिवात नाही.

आणि अशा नावाने माणसाचं काही अडतं का? यावलीच्या माणिकला गुरू आडकोजी महाराजांनी तुकड्या केलं. माणकाचा तुकडा करणारा गुरू आजच्या पालकसभेत टिकला नसता. झिंगराजींचा डेबूजी हातात फुटकं गाडगं घेऊन गावं झाडत फिरला आणि गाडगेबाबा झाला. आज देवळीतलं पोरगं बीए झालं की पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची, आणि नदीपलीकडे राळेगावात झालं की संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. अलीकडे तुकडा, पलीकडे गाडगं. मधे कुठे सोनं-हिरे-माणिक नाही.

या शास्त्राचा सर्वांत कडक प्रयोग मात्र साताऱ्याकडे झाला, हे वैदर्भीय अभिमान गिळून मान्य करतो. तिकडे मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव नकुशी. ते नाव मुलीसाठी नव्हतंच. तो देवाकडे केलेला तक्रार अर्ज होता, फक्त कागदाच्या ऐवजी लेकरावर लिहिलेला. ती शाळेत हजेरी देताना, लग्नाच्या पत्रिकेत, मतदान केंद्रावर तो अर्ज रोज नव्याने दाखल करत असे. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावं दिली. बापांच्या एवढ्या वर्षांच्या पत्रव्यवहारावर सरकारने एका दिवसात पाणी फिरवलं. कुणी बापाला विचारलं नाही, की बाबा, तुझं नाव काय ठेवायचं?

असा अरसिकपणा आमच्या जिल्ह्यातही एकदा घडला. गांधीजी शेगावात राहायला आले, तर त्यांचं टपाल बुलढाण्याच्या, गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं. आम्ही असतो तर टपालवाल्याला शिव्या देत पन्नास वर्षं काढली असती. या गृहस्थांनी 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं, आणि पत्रं बिनबोभाट पोचू लागली. झालं, सगळी मजा संपली.

हल्लीच्या बारशात पुन्हा जरा आशा वाटते.

"काय नाव ठेवलं बाप्पा पोराचं?"

"कियांश, आजी."

"कोन्या देवाचं हाय?"

"देवाचं नाही. मोबाइलवर सापडलं. गावात दुसऱ्या कुणाचं नाही."

आजीने दोनदा तोंड वेडंवाकडं करून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा किशन्या केला. गावात आधीचे तीन किशन्या आहेत.

गावात दुसऱ्या कुणाचं नाही, हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नये. 2014 च्या लोकसभेला रायगडमध्ये सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले. त्याच मतपत्रिकेवर दुसरे एक सुनील तटकरे अपक्ष उभे होते, त्यांना 9,849 मतं पडली. चांगलं, सुटसुटीत, कुणालाही शोभणारं नाव ठेवल्याचा हा परिणाम. उकंडराव उभे राहिले असते तर विरोधकांना दुसरा उकंडराव शोधायला अख्खा जिल्हा पालथा घालावा लागला असता, आणि सापडला असता तो आधार कार्डावर केव्हाच उमाकांत झालेला.