डेसिबलकाका

आमच्या मैदानावरून चेंडू कुठेही गेला तरी चालतो. गटारात गेला तर काडीने काढता येतो, पत्र्यावर गेला तर वॉचमनची मनधरणी करता येते. पहिल्या मजल्यावरच्या डाव्या गॅलरीत मात्र तो जाता कामा नये. तिथून तो परत येतो, नाही असं नाही. पण पावती घेऊन येतो. चेंडूला रबरबँडने कागद गुंडाळलेला असतो आणि त्यावर निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असतं : 'सायं. ५.४२. आवाज ७८ डेसिबल. कारण : निष्कारण.' खाली सही आणि सहीखाली दोन रेघा.

हे आमचे डेसिबलकाका. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण मुलुंड पूर्वेच्या आमच्या गल्लीत ते आता फक्त कुरिअरवाले वापरतात.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभ्या नोकरीत त्यांनी माणसाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही, मापावर ठेवला. लोखंडी वजनाच्या पोटात शिसं ओतलेलं असतं आणि सरकारी शिक्का त्या शिशावर ठोकलेला असतो, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे ते त्यांच्यामुळे. अजूनही भाजी घेताना ते आधी वजन उलटं करून बघतात, मग वांगी बघतात. नाक्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की काटा पुसायला घेतो. 'मापात पाप नको' हे त्यांचं ब्रीद. परवा देवळात तीर्थ देणाऱ्या गुरुजींच्या पळीकडेही ते बराच वेळ बघत होते.

अशा माणसाला निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही. रक्तदाब मोजून झाला, तोही दोन्ही दंडांवर. दूधवाल्याचं माप मोजून झालं. त्याने घरच बदललं. तेवढ्यात जर्मनीतल्या मुलीने नवा मोबाइल पाठवला आणि कुणा भाच्याने त्यात आवाज मोजायचं ॲप टाकून दिलं. त्या भाच्याचा पत्ता आमची पोरं अजून शोधताहेत.

मग काकांनी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम पाठ केले. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. मर्यादेच्या वर १० गेलं की नागरिकाला तक्रार करता येते. म्हणजे ६५. हा आकडा त्यांना मुलीच्या वाढदिवसापेक्षा पक्का ठाऊक आहे. दोनशे पानी रजिस्टर आलं, त्यात पट्टीने रकाने आखले गेले : तारीख, वेळ, आवाज, आरोपी, कारण. चौकीतल्या हवालदारांनी पहिल्या खेपेला खुर्ची दिली, दुसऱ्या खेपेला चहा दिला आणि तिसऱ्या खेपेला काका फाटकातून आत येताना दिसताच ते मागच्या दाराने राउंडला गेले.

मैदान म्हणजे तरी काय? तीन इमारतींच्या मधला पालिकेचा तुकडा. कडेला चार नारळ, एक झोपाळा, त्याला पाट नाही. संध्याकाळी तिथे एकाच वेळी तीन मॅच चालतात. एका मॅचचा पॉइंट तो दुसऱ्या मॅचचा विकेटकीपर. सगळं अंडरआर्म. चेंडू टेनिसचा, वर टेप. गॅलरीत डायरेक्ट गेला तर औट, आणि तो आणायला ज्याने मारला त्यानेच जायचं. हा दुसरा नियम आमच्या पोरांना सरळ बॅटने खेळायला शिकवून गेला. असं कोचिंग फी भरून मिळत नाही.

सोसायटीच्या सभेत काका दरवर्षी उठतात. "हा प्लॉट आरजी आहे, पीजी म्हणजे प्लेग्राउंड नव्हे," ते सांगतात. "आरजी म्हणजे रिक्रिएशन. रिक्रिएशन म्हणजे विरंगुळा. विरंगुळा बसून करायचा असतो." एकदा त्यांनी शिवाजी पार्कचा दाखला आणला. उच्च न्यायालयाने २०१० साली ते शांतता क्षेत्र ठरवलं, मग आपलं मैदान का नाही? यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो, तिथे बंदी आली ती कर्ण्यांवर. क्रिकेट चालूच आहे." काका बसले. बसताना खुर्ची सरकली. त्या आवाजाची नोंद झाली नाही.

कारण काका स्वतः आवाज करत नाहीत, असं काकांचं मत आहे. सकाळी सहाला, म्हणजे कायद्याने दिवस उजाडला रे उजाडला, की ते घसा साफ करतात. मैदानावरची झाडून सगळी कबुतरं उडतात. मग सात शिंका; सहावीनंतर सगळी बिल्डिंग सातवीची वाट बघत थांबते. मग पूजेची घंटा, कुकरच्या चार शिट्ट्या, आणि संध्याकाळी टीव्हीवर पाच माणसं एकाच वेळी बोलतात तो कार्यक्रम. पोरांच्या ओरड्यात त्यातलं काही ऐकू येत नाही म्हणून टीव्ही मोठा, आणि टीव्हीत पोरांचं काही ऐकू येत नाही म्हणून पोरं मोठ्याने. हे मी एकदा भीत भीत त्यांच्या कानावर घातलं. "घसा साफ करणं सकारण आहे," काका म्हणाले. "घंटा सकारण आहे. कुकर तर अत्यंत सकारण आहे." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय डेसिबललाही लागू असतो, हे मला तेव्हा कळलं.

मध्ये ते तीन महिने मुलीकडे स्टुटगार्टला जाऊन आले. आले ते काशीयात्रा केल्यासारखे. "रविवारी ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळ होतं म्हणून! याला म्हणतात देश." आठवडाभर आम्ही हे ऐकलं. आठव्या दिवशी काकू चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, ते बालवाडीचं सांगा की."

काका एकदम चहात बिस्किट बुडवायला लागले. मग काकूंनीच सांगितलं. मुलीच्या घरासमोर बालवाडीचं अंगण. तिसऱ्या दिवशी ह्यांनी मोबाइल काढून खिडकीतून हात बाहेर धरला. मुलीने तो आत ओढला. म्हणाली, बाबा, इथे २०११ साली कायदाच झालाय. बालवाड्या, मुलांची अंगणं, चेंडू खेळायच्या जागा, इथला मुलांचा आवाज एरवी उपद्रव धरायचाच नाही. आणि तो ठरवताना डेसिबलची मर्यादा लावायची नाही.

"माप लावायचंच नाही म्हणे!" काका उसळले. शिस्तीच्या त्या देशाने बिनमापाचा माल उघडउघड बाजारात आणावा, ही जखम खोल होती. पण पट्टीचा निरीक्षक कायद्यात फट शोधतोच. त्यांनी मुलीकडून कळून घेतलं की तिथल्या त्या कायद्यात मूल म्हणजे चौदाच्या आतलं. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीतून नवा प्रश्न येऊ लागला : "ए, वय काय तुझं?" आठवड्याभरात सगळं मैदान तेरा वर्षांचं झालं. त्यात मिसरूड फुटलेला आमचा ओपनरही होता आणि बारावीला दुसऱ्यांदा बसलेला एकजणही.

ही लढाई अशीच चालली असती. पण मैदानावर भज्जी होती. सातवीतली मुलगी, दोन वेण्या, अंडरआर्मलाही ऑफस्पिन काढते म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. एका पावतीवर ती सरळ जिना चढून वर गेली.

"काका, आम्ही नसताना किती भरतो?"

काकांना प्रश्न आवडला. तो मापाचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं शाळेत असताना, त्यांनी मोबाइल कठड्यावर ठेवला. मैदानावर फक्त एक कुत्रं झोपलेलं. आकडा ६३. पलीकडचा हायवे, अलीकडचं बांधकाम, मधला रिक्षांचा स्टँड. काकांनी मोबाइल झटकला, पुन्हा ठेवला. ६४. मापात पाप करणं रक्तात नाही, म्हणून त्यांनी नोंद केली. आरोपीच्या रकान्यात बराच विचार करून 'मुलुंड' असं लिहिलं.

भज्जीने मग रजिस्टर बघायला मागितलं. आजवर ते कुणीच मागितलं नव्हतं, चौकीतसुद्धा. काकांनी पंखा लावला, काकूंनी लाडू दिला, आणि ती पोरगी तासभर बोट फिरवत वाचत बसली. शेवटी म्हणाली, "काका, यात खेळाचा आवाज कमीच आहे. सिक्सला ७०, विकेटला ७२. ८०च्या वर गेलेत ते सगळे 'लागली की नाही लागली'चे. म्हणजे भांडणाचे."

काकांनी चष्मा लावला. खरंच होतं. चेंडू बॅटला लागून कीपरकडे गेला की मांडीला लागून गेला, यावर वीस पोरं पंधरा-पंधरा मिनिटं घसे फोडत होती. "पण लागली होती की नाही, हे तर सरळ ऐकू येतं," काका म्हणाले. "टेप बॅटला लागली की टप् वाजतं. मांडीला लागली की धप्. मला इथे आत, टीव्ही चालू असताना कळतं."

भज्जी त्यांच्याकडे बघत राहिली. शिशाखाली सोनं सापडावं तशी.

त्या संध्याकाळपासून काका थर्ड अंपायर झाले. करार रजिस्टरच्या शेवटच्या पानावर झाला. कलम एक : वाद झाला की गॅलरीकडे बघायचं, बोट वर म्हणजे औट. कलम दोन : तळमजल्यावरच्या नर्सबाईंची रात्रपाळी असली की दुपारी चारपर्यंत बॅट खाली, त्याची खूण म्हणून काकूंनी गॅलरीत लाल साडी वाळत घालायची. कलम तीन काकांचं स्वतःचं : अपील हात वर करून, मुक्याने करायचं. ओरडून केलं तर नॉट आउट.

हे तिसरं कलम चालेल असं मला वाटलं नव्हतं. पण विकेट जाईल या भीतीपुढे पोरं काहीही करतात. आता संध्याकाळी आमच्या मैदानावर अकरा जण एकदम हात वर करतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. नवखा माणूस बघितला तर दरोडा पडलाय असं समजेल. आकडा ७०च्या आत आला. काकांच्या मते हा नियमांचा विजय. भज्जीच्या मते ऑफस्पिनचा.

काका निवळले असं मात्र समजू नका. मागच्या गल्लीत टर्फ झालंय. तिथे रात्री बारा वाजता दिव्यांच्या झोतात पस्तिशीची, पोट सुटलेली बाळं आरोळ्या ठोकतात. तिथे काका रजिस्टर घेऊन जातात आणि तिथे ते शंभर टक्के बरोबर असतात. अलीकडे सोबत भज्जीचे बाबा असतात, मीही असतो. हवालदारसाहेबांनी त्या तक्रारीला पुन्हा खुर्ची दिली.

आणि मग गेल्या रविवारी पलीकडच्या कॉलनीशी मॅच झाली. शेवटची जोडी, त्यांना दोन रन हव्यात, बॉलिंगला भज्जी. चेंडू पडला, वळला, कीपरच्या हातात गेला. कुणालाच काही ऐकू आलं नाही. नेमका तेव्हा हायवेवर ट्रकने हॉर्न दिला होता. आमची पोरं गप्प. भज्जीसुद्धा मान हलवून परत फिरली.

"लागली!" पहिल्या मजल्यावरून गर्जना झाली. "टप् वाजलं! मी ऐकलं! अरे औट आहे तो!"

कबुतरं उडाली. सगळं मैदान वर बघायला लागलं. काका कठड्यावरून अर्धे बाहेर आलेले, बोट आभाळात. कॉलनीचा कॅप्टन पुढे आला. चष्मेवाला, पुढे वकील होणारा मुलगा. "आजोबा," तो नम्रपणे म्हणाला, "तुमच्याकडे ओरडून अपील केलं तर नॉट आउट असतं ना?"

काकांनी मोबाइलकडे बघितलं. आकडा ९१ होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं, भज्जीकडे बघितलं, पलीकडच्या बॅट्समनकडे बघितलं. तो बिचारा टप् झाल्यासारखा लाल झाला होता. आणि मग वजनमापे खात्याच्या निवृत्त निरीक्षकाने वर केलेलं बोट सावकाश मिटलं आणि हात आडवा हलवला. नॉट आउट.

पुढच्या चेंडूवर चौका गेला. आम्ही हरलो.

अंधार पडल्यावर गॅलरीतून कागद गुंडाळलेला एक चेंडू खाली आला. हा आमचा नव्हता. कोरा होता, दुकानातला. भज्जीने दिव्याखाली पावती उघडली. 'सायं. ६.२१. आवाज ९१ डेसिबल. आरोपी : स्वतः.' कारणाच्या रकान्यात आधी 'सकारण' लिहून खोडलेलं होतं. मग 'निष्कारण' लिहून खोडलेलं होतं. त्याखाली एवढंच होतं : 'लागली होती.'

खाली सही. सहीखाली या वेळी तीन रेघा.